नकाराची रुजुवात : कर्नेलच्या मेमरी-चाचण्यांतील त्रुटी-तपासणीचा आढावा

मराठवाड्यातल्या उस्मानपुऱ्यातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली स्थापन झाले, आणि तेव्हापासून स्टेशन रोडच्या या परिसरात प्रथम यंत्रे व पुढे संगणक शिकणाऱ्या मुलांचा राबता अखंड चालू आहे. त्यांच्यापैकी ज्या थोड्यांची जिज्ञासा लिनक्सच्या कर्नेलपर्यंत पोहोचते, त्यांनी कर्नेलबरोबर येणाऱ्या चाचण्यांपासून प्रारंभ करावा असे वडीलधारे सांगतात, आणि ते योग्यच आहे. कारण चाचणीचा कोड आकाराने लहान असतो, तो वाचता वाचता कर्नेलचा स्वभाव कळतो, आणि त्यात चूक झाली तरी कोणाची चालती यंत्रणा कोसळत नाही. परंतु या शेवटच्या समाधानातच एक धोका दडलेला आहे. चाचणीतील चुकीने काहीच कोसळत नसल्यामुळे ती चूक कोणाच्या नजरेस येत नाही, आणि ज्या साक्षीदाराच्या जबानीवर कर्नेलची निर्दोषता ठरायची, त्याचीच जबानी अविश्वसनीय ठरते. मेमरी-व्यवस्थापनाच्या चाचण्यांत सिस्टिम कॉलने दिलेला नकार बिनचूक कसा ओळखावा, हा प्रश्न या दृष्टीने विचारात घेण्याजोगा असून, त्याविषयीची निरनिराळी मते आज कोठे येऊन ठेपली आहेत, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१. पार्श्वभूमी : नकार कळवण्याची रीत

सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नेलच्या दरबारी केलेला अर्ज होय. अर्ज मंजूर झाला तर मागितलेली वस्तू मिळते. नामंजूर झाला तर नकार आणि त्याचे कारण, अशा दोन गोष्टी अर्जदाराला कळाव्या लागतात. पीडीपी-११ यंत्रावरील जुन्या युनिक्समध्ये नकाराच्या वेळी प्रोसेसरचा कॅरी-बिट उभा राही आणि कारणाचा क्रमांक रजिस्टरातून परत येई. आजच्या ६४-बिटी इंटेल पद्धतीच्या यंत्रांवर लिनक्स उत्तरासाठी एकच रजिस्टर वापरते, आणि त्यातील आकडा −४०९५ ते −१ या मर्यादेत असेल तर तो त्रुटी-क्रमांकाचे ऋण रूप समजावा, असा संकेत आहे. पत्त्यांच्या अवकाशातील अगदी शेवटचे पान कर्नेल कोणासही देत नाही. त्यामुळे खरा पत्ता आणि त्रुटी-क्रमांक यांची गल्लत होण्याचा संभव राहत नाही.

सामान्य प्रोग्रॅमला मात्र हा ऋण आकडा दिसत नाही. मध्ये ग्लिबसी ही लायब्ररी बसलेली असते. ती ऋण क्रमांक धन करून ‘एररनो’ या चलात नोंदवते आणि प्रोग्रॅमच्या हाती केवळ −१ देते. निजामी अमदानीतील एखाद्या कचेरीत अर्जावर ‘नामंजूर’ एवढाच शेरा मारून कारण टेबलावरच्या पाटीवर लिहिले जात असते, आणि त्याच पाटीवर पुढच्या अर्जाचेही कारण लिहिले जात असते, तर अर्जदाराला जी दक्षता घ्यावी लागली असती, तीच येथे घ्यावी लागते. पाटी तत्क्षणी वाचली नाही तर मजकूर बदलतो. एररनो प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो, एवढी सोय आहे. परंतु यशस्वी कॉल ती पाटी पुसून देत नाही, उलट यशस्वी कॉलही तिच्यावर काही लिहून जाऊ शकतो. म्हणून परतीचे मूल्य अपयश सांगत असेल तरच एररनोला अर्थ आहे, अन्यथा नाही.

एवढे एकच दप्तर असते तर प्रश्न सोपा होता. परंतु ‘पॉझिक्स-मेमअलाइन’ आणि पी-थ्रेडची फंक्शने एररनोला स्पर्श न करता धन त्रुटी-क्रमांक थेट परत देतात; कर्नेलच्याच वृक्षात नांदणाऱ्या ‘नोलिबसी’ या छोट्या लायब्ररीत ‘सिस’ उपसर्गाची फंक्शने ऋण क्रमांक जसाच्या तसा देतात; आणि ‘एममॅप’सारखा पत्ता देणारा कॉल अपयशी झाला की ‘मॅप-फेल्ड’ हे मूल्य येते, जे पॉइंटरच्या वेषातील −१ असते. चार कचेऱ्यांच्या चार रिती एकाच चाचणीच्या फाइलीत शेजारी शेजारी वावरतात, आणि बहुतेक गोंधळाचा उगम येथेच आहे.

चाचण्यांच्या संस्थांचा इतिहासही थोडक्यात सांगितला पाहिजे. लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट, म्हणजे एलटीपी, २००० साली एसजीआय या कंपनीने सुरू केला. तो कर्नेलच्या बाहेर वाढला. कर्नेलच्या आत ‘केसेल्फटेस्ट’ हा संग्रह पुढील दशकात आकारास आला, आणि त्यातील मेमरी-चाचण्यांचा ‘व्हीएम’ हा विभाग २०२३ मध्ये ‘एमएम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पहिला संग्रह तपासनिसांनी घडवला, दुसरा प्रामुख्याने कर्नेल लिहिणाऱ्यांनीच. दोहोंच्या वृत्तीत जो भेद पुढे दिसेल, त्याचे मूळ या उत्पत्तिभेदात आहे.

२. मेमरीच्या प्रांताचे वेगळेपण

फाइल उघडली किंवा उघडली नाही, असे दोनच पर्याय असतात. मेमरीच्या प्रांतात मंजुरी आणि प्राप्ती यांत अंतर असते. एममॅपने पत्ता दिला म्हणजे मेमरी दिली असे होत नाही. पान हाताळले जाईल तेव्हाच ते प्रत्यक्ष बहाल होते, आणि त्या क्षणी ते उपलब्ध नसेल तर नकार परतीच्या मूल्यातून न येता ‘सिगबस’सारख्या सिग्नलच्या रूपाने येतो. पाने आधीच भरून ठेवावी अशी ‘मॅप-पॉप्युलेट’ची सूचना दिली, तरी भरणे न जमल्यास एममॅप अपयश कळवीत नाही. ही उणीव २०२१ मधील ५.१४ आवृत्तीत ‘एम-ॲडव्हाइज’ला मिळालेल्या नव्या सूचनांनी दूर केली, त्या पाने भरतात आणि जमले नाही तर तसे स्पष्ट सांगतात.

अर्धवट यश हे दुसरे वैशिष्ट्य. ‘एमप्रोटेक्ट’ मध्येच अडखळला तर −१ येते, परंतु तोवर आधीच्या पानांची परवानगी बदललेली असू शकते. एम-ॲडव्हाइजला दिलेल्या पट्ट्यात मोकळ्या जागा असतील, तर उरलेल्या भागावर काम करूनही ‘ईनोमेम’ हा क्रमांक येतो. ‘प्रोसेस-एमॲडव्हाइज’ किती बाइट्सवर अंमल झाला तो आकडा देतो, आणि तो मागणीपेक्षा कमी असू शकतो. ‘मूव्ह-पेजेस’ तर हलू न शकलेल्या पानांची संख्या धन आकड्यात परत देतो, आणि प्रत्येक पानाची कैफियत निराळ्या तक्त्यात मांडतो. अशा ठिकाणी ‘शून्यापेक्षा कमी नाही, म्हणजे ठीक’ हा ताळा अपुरा पडतो.

तिसरे वैशिष्ट्य काळाचे. २०१८ मधील ४.१७ आवृत्तीत ‘मॅप-फिक्स्ड-नोरिप्लेस’ ही सूचना आली. तिचा अर्थ असा, की मागितलेलाच पत्ता द्यावा, मात्र तेथे आधी कोणी राहत असेल तर त्याला उठवू नये. जुनी कर्नेले ही सूचना ओळखतच नाहीत आणि बिनतक्रार दुसराच पत्ता देऊ शकतात. म्हणजे येथे यशाचीसुद्धा रुजुवात करावी लागते : मिळालेला पत्ता मागितलेल्या पत्त्याशी ताडून पाहावा लागतो.

३. चूक कशी होते

आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर सी भाषेचे पहिले धडे गिरवलेल्यांची संख्या फार मोठी आहे. पुढे अच्युत गोडबोले यांच्या ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’सारख्या पाठ्यपुस्तकातून कर्नेलची ओळख होते. या वाटेवर कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाताला एक सवय लागते : ‘मॅलॉक’ने मेमरी मागावी आणि उत्तर ‘नल’ आहे का ते पाहावे. मॅलॉकपुरती ती सवय निर्दोष आहे. तीच एममॅपवर चालवली की चूक होते. कारण एममॅपचा नकार नल नसून −१ आहे, आणि −१ हे नल नसल्यामुळे तपासणीची ती ओळ केव्हाही हरकत घेत नाही. दिसायला तपासणी आहे, प्रत्यक्षात दरवाजा सताड उघडा आहे.

दुसरी चूक ग्लिबसीच्या कॉलचे उत्तर ‘उणे ईइन्व्हॅल’शी ताडण्याची; ईइन्व्हॅल म्हणजे अर्ज सदोष असल्याचा त्रुटी-क्रमांक. कर्नेलच्या आत वावरणाऱ्या मनुष्याला ऋण क्रमांकच स्वाभाविक वाटतो, आणि तो चाचणी लिहिताना विसरतो, की ग्लिबसीच्या खिडकीतून फक्त −१ येते. तिसरी चूक पाटी उशिरा वाचण्याची : अपयशानंतर आधी संदेश छापला, फाइल बंद केली आणि मग एररनो पाहिला, तर छापले गेलेले कारण भलत्याच अर्जाचे असू शकते. चौथी चूक पानाचा आकार ४०९६ बाइट्स गृहीत धरण्याची. ६४ किलोबाइट पानांच्या आर्म किंवा पॉवर यंत्रावर त्या हिशेबाने काढलेला पत्ता पानाच्या सीमेशी जुळत नाही, ईइन्व्हॅल येतो, आणि दोष कर्नेलच्या माथी जातो.

परंतु या सर्वांहून गंभीर चूक ती, जिच्यात चाचणी भलत्याच कारणाने उत्तीर्ण होते. २०२४ मधील ६.१० आवृत्तीत आलेला ‘एमसील’ हा कॉल यासाठी उत्तम उदाहरण आहे. मेमरीच्या पट्ट्यावर मोहोर लावली, की पुढे त्या पट्ट्याची परवानगी बदलू पाहणाऱ्यास कर्नेलने ‘ईपर्म’, म्हणजे अधिकार नाही, असे उत्तर द्यावे, हा त्याचा करार आहे. आता कल्पना करावी, की चाचणीच्या आरंभी एममॅप फसला, नलच्या तपासणीने तो पकडला नाही, मोहोर लावण्याचे उत्तर कोणी पाहिले नाही, आणि −१ हाच पत्ता घेऊन एमप्रोटेक्टला हाक गेली. तो पत्ता पानाच्या सीमेवर नसल्यामुळे एमप्रोटेक्ट ईइन्व्हॅल देऊन नकार देतो. चाचणी नकाराचीच वाट पाहत होती, नकार आला, ‘उत्तीर्ण’ असा शेरा पडला. मोहोर कधी लागलीच नव्हती, मेमरीही मिळाली नव्हती, आणि तरीही कागदोपत्री संरक्षण सिद्ध झाले.

असे दोष केवळ चाचण्यांपुरते नाहीत, हे संशोधनानेही दाखवले आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील गुणावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लिनक्सच्या फाइल-प्रणाली तपासल्या, तेव्हा सुमारे १३ टक्के ठिकाणी त्रुटी-क्रमांक वाटेतच गळून गेलेले आढळले. २०१४ मध्ये टोरांटो विद्यापीठातील युआन आणि सहकाऱ्यांनी वितरित प्रणालींतील १९८ बिघाडांचा अभ्यास केला. त्यांतील सर्वनाशी बिघाडांपैकी ९२ टक्क्यांचे मूळ, स्पष्टपणे कळवल्या गेलेल्या त्रुटींची हाताळणी चुकण्यात होते.

४. पहिला वाद : नकार पुरे, की कारणही हवे?

एका पक्षाचे म्हणणे असे, की अपयशाची अपेक्षा असलेल्या चाचणीने त्रुटी-क्रमांकही नेमका तपासलाच पाहिजे. कारण तो क्रमांक हा कर्नेल आणि वापरकर्ता यांच्यातील कराराचाच भाग आहे. या पक्षाला इतिहासाचा आधार आहे. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिडिओ-यंत्रणेतील एका बदलाने परत येणारा त्रुटी-क्रमांक बदलला, त्यामुळे वापरकर्त्यांचे चालते प्रोग्रॅम बिघडले, आणि दोष प्रोग्रॅमांचा नसून कर्नेलचा आहे, असा निःसंदिग्ध निर्णय लिनस टोरवाल्ड्स यांनी दिला. क्रमांक बदलणे हा करारभंग असेल, तर त्यावर पहारा ठेवणे हे चाचणीचे कर्तव्यच ठरते.

दुसरा पक्ष सावधगिरीचा आहे. एकाच अर्जात दोन दोष असतील तर कोणता आधी कळवावा, याचा क्रम पॉझिक्स या प्रमाणकाने बांधून दिलेला नाही. दोहोंपैकी कोणतेही कारण ग्राह्य आहे. कर्नेलच्या आत तपासण्यांचा क्रम सुधारणेच्या ओघात बदलतो, आणि त्या बदलाने प्रामाणिक सुधारणाही ‘अनुत्तीर्ण’ ठरू शकते. म्हणून जे दस्तऐवजात लिहिले आहे तेवढेच तपासावे, जे आजच्या रचनेचा योगायोग आहे ते तपासू नये, असे हा पक्ष म्हणतो.

दोन्ही पक्षांतील अंतर वाटते तेवढे मोठे नाही. चाचणीचा अर्ज एकाच बाबतीत सदोष ठेवला आणि बाकी सर्व अटी निर्दोष राखल्या, तर अपेक्षित कारणही एकच उरते, आणि नेमकेपणाला कोणाची हरकत राहत नाही. वाद उरतो तो, जेथे दोष एकमेकांत गुंतलेले असतात तेथे.

५. दुसरा वाद : पूर्वतयारीच फसली तर?

चाचणीचा मुख्य विषय सुरू होण्यापूर्वीच मेमरी मिळाली नाही, मोठी पाने राखून ठेवलेली नव्हती, किंवा अधिकार अपुरे होते, तर निकाल काय लिहावा? एलटीपीने याचे काटेकोर वर्गीकरण केले आहे : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, परिस्थिती अननुकूल, आणि चाचणीच मोडली. पूर्वतयारीतील अकल्पित अपयश चौथ्या सदरात जाते आणि ते कर्नेलवर आरोप करीत नाही. केसेल्फटेस्टच्या व्यवहारात प्रामुख्याने तीनच सदरे चालतात : उत्तीर्णास शून्य, अनुत्तीर्णास एक आणि वगळलेल्यास चार हा निर्गम-क्रमांक, मोडलेल्या चाचणीला स्वतंत्र सदर नाही.

वगळण्याच्या बाजूचे लोक म्हणतात, की शेकडो यंत्रांवर रोज चाचण्या चालवणाऱ्याला खोट्या आरोपांचा गलबला परवडत नाही. तसे झाले तर तो खऱ्या आरोपाकडेही दुर्लक्ष करू लागतो. विरुद्ध बाजू म्हणते, की वगळलेली चाचणी मुकी असते. टॅप पद्धतीच्या अहवालात वगळल्याची ओळही ‘ओके’ या शब्दानेच सुरू होते, आणि महिनोन्महिने कोणतीच तपासणी न होता सर्व काही आलबेल दिसत राहते. दोन्ही भये खरी आहेत.

येथे मेमरीच्या प्रांतातील एक जुनी अडचण आडवी येते. संपूर्ण कॉलच कर्नेलमध्ये नसेल तर ‘ईनोसिस’ येतो आणि वगळण्याचे कारण स्वच्छ असते. परंतु मोठ्या पानांची एखादी सूचना कर्नेलच्या बांधणीत समाविष्टच नसेल, तर एम-ॲडव्हाइज ईइन्व्हॅल देतो. अर्ज चुकीचा भरला तरी ईइन्व्हॅलच देतो. ‘आमच्याकडे ही सोय नाही’ आणि ‘तुमचा अर्ज चुकला’ या दोन निराळ्या गोष्टींना एकच शेरा पडत असल्यामुळे, वगळावे की नापास करावे, हे केवळ क्रमांकावरून ठरत नाही.

६. तिसरा वाद : वेष्टन, की उघडी तपासणी?

एलटीपीत ‘सेफ-एममॅप’सारखी वेष्टने आहेत : मॅप-फेल्डशी ताडणे, एररनो तत्क्षणी टिपणे, फाइल व ओळ यांच्यासह कारण छापणे आणि चाचणी थांबवणे, ही सर्व कामे ती एका ठिकाणी करतात. चूक करण्याची संधीच लेखकाला मिळू नये, हा त्यामागचा विचार आहे. केसेल्फटेस्टच्या हार्नेसमध्ये, म्हणजे चाचण्यांच्या सामायिक सांगाड्यात, ‘ॲसर्ट’ आणि ‘एक्सपेक्ट’ अशा दोन तऱ्हा आहेत. पहिली अपयशी झाली की चाचणी तेथेच संपते, दुसरी नोंद करून पुढे जाते. पूर्वतयारीस पहिली आणि निरीक्षणास दुसरी, हा विवेक लेखकावर सोपवलेला आहे.

वेष्टनांविषयी साशंक असणाऱ्या कर्नेल-लेखकांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. चाचणी ही त्यांच्या दृष्टीने दोषाचे पुनर्दर्शन घडवणारा छोटा प्रोग्रॅम असते. ती एकट्या फाइलीत उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता यावी, आणि वाचणाऱ्याला कोणता कॉल कोणत्या क्रमाने गेला हे आडपडद्याशिवाय दिसावे, अशी त्यांची इच्छा असते. सर्व तपासणी वेष्टनात गेली, की कॉलचा खरा करार नवोदिताच्या दृष्टीआड होतो, हाही आक्षेप अध्यापनाच्या दृष्टीने वजनदार आहे.

७. साहाय्यक साधने

मनुष्याच्या दक्षतेला यंत्राची जोड देण्याचे प्रयत्न झाले आहेत. परतीचे मूल्य दुर्लक्षिल्यास इशारा देणारी सोय कंपायलरात आहे. कोक्सिनेल हे साधन कोडातील नमुना शोधून बदलते. एममॅपच्या उत्तराची नलशी तुलना, हा तर त्याला सहज सापडणारा नमुना. डॅन कार्पेंटर यांचे स्मॅच कर्नेलच्या आतल्या भावंड-चुकीवर लक्ष ठेवते, जिच्यात त्रुटी-पॉइंटर आणि नल यांची गल्लत होते. कर्नेलमधील दोष-रोपणाची यंत्रणा मेमरी-वाटप मुद्दाम फसवते, आणि त्यामुळे नकाराच्या अंधाऱ्या वाटा उजेडात येतात. ही साधने तपासणी नसल्याचे, अथवा चुकीच्या आकाराची असल्याचे सांगतात. मात्र मिळालेला नकार योग्य कारणाचा होता की नाही, हे सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, कारण कारणाची अपेक्षा लेखकाच्या मनात असते, कोडाच्या आकारात नसते.

८. अनिर्णित राहिलेले प्रश्न

सोयीचा अभाव आणि अर्जातील दोष यांना एकच क्रमांक मिळतो, तो भेद चाचणीने कसा ओळखावा, यावर सर्वसंमत तोडगा नाही. कोणी कर्नेलची बांधणी-नोंद वाचतात, कोणी आधी निर्दोष अर्ज करून सोय आहे की नाही ते अजमावतात. अर्धवट यश मिळाल्यावर चाचणीने किती खोल जाऊन प्रत्येक पानाची झडती घ्यावी, याचीही मर्यादा ठरलेली नाही. जुन्या चाचण्या नव्या हार्नेसमध्ये आणाव्यात की जशाच्या तशा ठेवाव्यात, याविषयी मतभेद आहेत. आणल्याने तपासणी सुधारते, परंतु वर्षानुवर्षे दोष पकडत आलेल्या चाचणीचे वर्तन नकळत बदलण्याची भीतीही असते. आणि सर्वांत मूलभूत प्रश्न असा, की चाचणीची चाचणी कोणी घ्यावी? जी चाचणी एकदाही अनुत्तीर्ण झालेली कोणी पाहिली नाही, ती अनुत्तीर्ण होऊ शकते याचा पुरावा काय?

९. समारोप

हा आढावा घेताना एक गोष्ट स्पष्टपणे जाणवते, की वाद कितीही असले तरी काही नियमांविषयी दुमत उरलेले नाही. पत्ता देणाऱ्या कॉलचे उत्तर मॅप-फेल्डशी ताडावे. एररनो अपयशानंतर लगेच आणि अपयशानंतरच वाचावा. पूर्वतयारीचे प्रत्येक पाऊल तपासल्याशिवाय पुढचे टाकू नये. आणि नकाराची अपेक्षा असेल तेथे, शक्य तेव्हा, नकाराचे कारणही पडताळावे. हे नियम पाळायला असामान्य बुद्धी लागत नाही. सावकाशपणा आणि सचोटी लागते.

उस्मानपुऱ्यातील आणि मराठवाड्यातील कोणत्याही गावच्या विद्यार्थ्याला माझे एवढेच सांगणे आहे, की चाचणी लिहून झाल्यावर तिच्यातील पहिला अर्ज मुद्दाम फसेल असे करून ती एकदा चालवावी. तरीही ‘उत्तीर्ण’ असा शेरा आला, तर कर्नेलला हात लावण्यापूर्वी आपली चाचणी दुरुस्त करावी.